पावणेदोन तासांवरची मुलगी

मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली तेव्हा बायको आठवडाभर धड जेवली नाही. सिल्वासात जन्मलेली, सिल्वासातच वाढलेली पोर. वापीला परीक्षेला जायची तरी आई डबा बांधून द्यायची. त्या आठवड्यात मी फोनवर मुंबई आणि बंगळूर या दोन विमानतळांमधलं अंतर शोधलं. नकाशावर एक बारीक रेघ उमटली आणि खाली आलं, साडेआठशे किलोमीटरच्या आसपास, पावणेदोन तास. मी फोन बायकोच्या नाकासमोर धरला. म्हटलं, "हे बघ. माझ्या गावाला जळगावकडे जायचं तर एसटीनं अख्खा दिवस मोडतो. तुझी लेक गावापेक्षा जवळ आहे." तिला ते पटलं नाही, पण त्या दिवशी तिनं भाकरी खाल्ली.

तेव्हापासून पावणेदोन तास हे आमच्या घरातलं पालुपदच झालं. मुलीनं फोनवर जरा रडवा सूर लावला की मी म्हणायचो, "पावणेदोन तास गं. बोलावलंस की आलोच." कारखान्यात कुणी विचारलं, साहेब, एकुलती एक पोर आणि एवढी लांब? की त्यालाही हेच. मी धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. काटा जे दाखवतो ते खरं, ही माझी जन्माची सवय. घरापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत किती आणि तिकडच्या विमानतळापासून तिच्या दारापर्यंत किती, हे त्या काट्यावर नव्हतं, म्हणून मीही ते कधी मोजलं नाही.

पुढे तिचं लग्न झालं. जावई जहाजावर नोकरीला. सहा महिने घरी, सहा महिने पाण्यावर. त्याची आई पूर्वीच गेलेली. मुलीला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सिल्वासातच करायचं, हे न बोलताच ठरलेलं होतं. पण सातव्या महिन्यात तिचं ब्लडप्रेशर चढलं आणि तिथल्या डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. मग तिची आईच नववा लागायच्या आधी तिकडे जाणार असं ठरलं. जावई तेव्हा पाण्यावर होता, आणि नेमकं तेव्हाच बायकोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून थोडे दिवस थांबायचं होतं. मी मुलीला म्हटलं, "घाई काय आहे? पावणेदोन तासांचा तर प्रश्न आहे."

या सगळ्यात तिनं आईकडे एकच गोष्ट मागितली होती. "येताना खानवेलचा मध आण."

बाळ जन्मल्यावर त्याच्या जिभेवर सोन्याच्या अंगठीनं मध लावायचा, ही आमच्याकडची पद्धत. ही मुलगी जन्मली तेव्हा माझ्या आईनं बायकोच्याच अंगठीनं तिला मध चाटवला होता, आणि तो मध सिल्वासाजवळच्या खानवेलच्या रस्त्यावर बसणाऱ्या एका आदिवासी बाईकडचा होता. त्या रस्त्याला अजूनही बायका मध घेऊन बसतात आणि अजूनही तो दारूच्या रिकाम्या बाटल्यांतूनच विकतात. सिल्वासात दारूला बंदी नाही, शेजारच्या गुजरातेत आहे, त्यामुळे आमच्याकडे रिकाम्या बाटल्यांना तोटा नाही. आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही, पण तिळाचं तेल व्हिस्कीच्या बाटलीत, फिनेल रमच्या बाटलीत आणि मनीप्लँट कसल्याशा परदेशी बाटलीत. बाहेरगावचा पाहुणा दचकतो. आम्हाला त्या बाटल्या दिसतच नाहीत.

फोन आला तेव्हा सकाळचा चहा व्हायचा होता. मुलीचाच आवाज. डोकं फार दुखतंय म्हणून रात्रीच ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर हॉस्पिटलात गेली होती, त्यांनी ठेवून घेतलं. प्रेशर खाली येत नाही. बाळाला आता काढावंच लागेल, संध्याकाळपर्यंत ऑपरेशन करू म्हणताहेत.

"पप्पा," ती म्हणाली, "मला आत न्यायच्या आधी तुम्ही दोघं या. मला एकटीला नाही जायचं आत."

"निघालोच," मी म्हटलं. "पावणेदोन तास."

गरोदरपणात प्रेशर चढलं की काय काय होऊ शकतं हे मी गेले महिनाभर चोरून वाचत होतो, आणि बायकोला त्यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. सुरतेहून त्या वेळचं सरळ विमान नव्हतं. मुंबईहून दुपारचं मिळालं. नेहमीच्या ड्रायव्हरला बोलावलं. माणूस मूळचा साक्रीकडचा, आता वासोण्याला राहतो. घरापासून विमानतळापर्यंत चार तास धरा म्हणाला. मी धरले. पोचून वर थोडा वेळ हाताशी राहत होता. बायकोनं दोन साड्या, बाळंतविड्याची जुनी दुपटी आणि मधाची बाटली घेतली. बाटलीचं बूच ढिलं होतं, म्हणून तिनं ती बॅगेत न घालता कापडी पिशवीत उभी ठेवली आणि पिशवी दोन पायांच्या मध्ये धरून बसली.

दमणगंगेचा पूल ओलांडला, नरोली मागे पडली. पुढे भिलाडच्या अलीकडे गुजरातची हद्द लागते आणि तिथं नाका आहे. सिल्वासातून बाहेर पडणाऱ्या गाडीत दारू आहे का, हे तिथं बघतात. गेल्या पंचवीस वर्षांत आमची गाडी तिथं कितीदा थांबली असेल, देव जाणे. हवालदार आत डोकावतो, नवरा-बायको आणि पोळ्यांचा डबा बघतो आणि हात हलवून पुढे सोडतो. त्या दिवशीही तो डोकावला. त्याची नजर बायकोच्या पायांशी गेली. पिशवीतून बाटलीची मान वर आलेली.

"बेन, आ शुं छे?"

"मध आहे," बायको म्हणाली.

"शीशी तो व्हिस्कीनी छे."

"बाटली व्हिस्कीची, आत मध आहे."

"बधा आवुं ज कहे छे," सगळे असंच सांगतात, असं म्हणून त्यानं गाडी कडेला घ्यायची खूण केली.

तेवढ्यात मी बोललो. माझं डोकं घड्याळात अडकलेलं. मी खिडकीतून ओरडलो, "अहो, फेकून देतो ना ती! इथंच फेकतो, आम्हाला जाऊ द्या!"

हवालदारानं माझ्याकडे निरखून पाहिलं. खरा मध असेल तर कोण फेकायला निघेल? त्यानं बाटली हातात घेतली, बूच काढून वास घेतला. मध गेल्या हंगामातला, ऊन लागून थोडा फसफसलेला. आंबूस वास मलासुद्धा आला. झालं! आता मोठ्या साहेबांनी बघितल्याशिवाय गाडी हलणार नव्हती, आणि साहेब चहाला गेले होते.

"साहेब, तुम्ही चूप बसा ना जरा," ड्रायव्हर दबक्या आवाजात म्हणाला. "तुमच्यानंच काम बिघडू राहिलं."

मी चूप बसलो, पण बायकोवर वसवस करायची ती केलीच. म्हटलं, "घरात एक साधी बरणी नव्हती? जगात कोणी व्हिस्कीच्या बाटलीतून मध नेतं का?" ती म्हणाली, "तुम्ही रोज ज्या बाटलीतून तेल घेता ती कसली आहे?" मी गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला येरझारा घालायला लागलो. एका बाजूला सिल्वासाकडे जाणारे ट्रक, दुसऱ्या बाजूला हायवेकडे जाणारे. आणि त्यातच मुलीचा फोन.

"कुठवर आलात, पप्पा?"

मी नाक्याकडे पाठ केली. "हायवेला लागलो गं. बस्स, आलोच."

"म्हणजे आता पावणेदोन तास?"

"हो," मी म्हटलं. "तेवढेच."

आपल्याकडे निघायच्या आधीच निघालो म्हणतात आणि अंघोळ करताना रस्त्यात आहे म्हणतात, त्यातलीच ही एक थाप. माणूस काळजीत आहे म्हणून त्याच्या पुढ्यात टाकलेला एक शब्द. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट तिच्या आवाजातला ताण सैल झाल्यासारखा वाटला, म्हणून मलाच बरं वाटलं.

साहेब आले. वयस्कर, शांत माणूस. त्यांनी बाटली उजेडात धरली, तळहातावर थेंब घेतला, जिभेला लावला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "मध ज छे," ते हवालदाराला म्हणाले. मग बायकोला विचारलं, "खानवेलनुं?" तिनं मान हलवली. तिचे डोळे आधीच भरून आले होते. लेकीच्या बाळंतपणाला चाललोय, हे तिनं तेव्हा सांगितलं. मी इतका वेळ हेच एक सांगायचं विसरलो होतो. साहेबांनी स्वतः बूच दाबून बसवलं आणि बाटली तिच्या हातात दिली. "बेन, शीशी बदली नाखो," बाटली बदलून टाका, एवढंच म्हणाले.

पुढचा रस्ता मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. तलासरी, चारोटी, मनोर. वसईच्या खाडीवर गाड्या ठप्प उभ्या. मी फोनवर आमचा निळा ठिपका बघत होतो. तो हलत नव्हता. त्याच नकाशावर बोट वर सरकवलं की मुंबई ते बंगळूरची ती बारीक रेघ दिसायची, सरळ, मोकळी, वाटेत एक ट्रक नाही. मला त्या रेघेचा राग आला. तिच्या एका टोकाला मी नव्हतो आणि दुसऱ्या टोकाला मुलगी नव्हती. विमानतळावर कोणी राहत नाही, ही गोष्ट मला त्या पुलावर पहिल्यांदा कळली. बायको डोळे मिटून पुटपुटत होती. मी तिचा हात धरला, तिनं धरू दिला.

विमानतळावर धावतच शिरलो. काउंटरवरच्या मुलीनं तिकिटं पाहिली आणि म्हणाली, "माणसं जातील, सामान आता नाही जाणार. हातात घेऊन पळा." पळालो. सुरक्षा तपासणीत पिशवी यंत्रातून गेली आणि बाटली पुन्हा अडली. भिलाडला ती अडली कारण तिच्यात दारू असेल, आणि इथं ती अडली कारण तिच्यात काहीही असेल. गणवेशातली बाई सभ्य होती. एवढा द्रव पदार्थ हातातून नेता येत नाही, म्हणाली, बाटली टाकावी लागेल.

मला वाटलं, बायको आता तिथंच बसकण मारणार. ती रडलीसुद्धा नाही. तिनं पर्समधून कुंकवाची चांदीची डबी काढली, कुंकू रुमालात रिकामं केलं, पदरानं डबी पुसली आणि बाटली तिरकी करून डबीत मध ओतला, काठोकाठ. आमच्या मागची रांग थांबली होती. तपासणाऱ्या बाईनं डबी हातात घेऊन पाहिली, झाकण लावलं आणि परत दिली. बाटली टोपलीत गेली, पाण्याच्या बाटल्यांमध्ये.

विमानाकडे नेणाऱ्या बसमध्ये उभे होतो तेव्हा फोन वाजला. मुलगी नव्हती, तिची मैत्रीण होती. "काका, तिला आत नेलं. थांबता येणार नाही म्हणाले."

बसचं दार उघडलं होतं, लोक उतरत होते. मी विचारलं, "ती काही म्हणाली का?" मैत्रिणीनं काहीतरी सांगितलं, पण बाजूनं विमान घोंघावत गेलं आणि ऐकू आलं नाही. जिना चढताना मी बायकोला सांगितलं. तिनं डबी छातीशी धरली आणि वर चढली.

मग ते पावणेदोन तास आले. इतकी वर्षं ज्यांच्या जोरावर मी सगळ्यांना धीर दिला ते खरोखरचे पावणेदोन तास. सगळ्या प्रवासात नेमके माप असलेले तेवढेच होते, आणि तेवढेच काढता येईनात. फोन बंद. खाली ढग. आता तिला भूल दिली असेल. आता बाळ बाहेर आलं असेल. रडलं असेल का? आणि ती? माझी मुलगी मरेल, असं मला वाटत होतं. स्पष्टच लिहितो, दुसरं काही वाटतच नव्हतं. शेजारी बायको दर थोड्या वेळानं विचारायची, "कुठं आलो हो?" आणि मी दरवेळी म्हणायचो, "आलोच." तोंडाला दुसरा शब्दच येईना.

चाकं टेकली. फोन सुरू केला. मैत्रिणीचा निरोप होता. मुलगा झाला, वजन कमी आहे, काचेच्या पेटीत ठेवलाय. ती बरी आहे, अजून गुंगीत आहे. मी तो बायकोला वाचून दाखवला आणि मला पुढचं दिसेना. तिनं माझ्या हातातून फोन घेतला, ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं स्वतः एकेक अक्षर वाचलं आणि म्हणाली, "चला, उतरा. लोक खोळंबलेत."

तिथून हॉस्पिटलापर्यंत जितका वेळ गाडीत गेला तेवढ्यात आम्ही पुन्हा मुंबई गाठली असती. पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. काचेतून मुलगी झोपलेली पाहिली. तिच्या हाताला नळ्या होत्या. मी बाकावर बसून सगळा हिशेब पुन्हा मांडला. नाक्यावर अडलो नसतो तर? खाडीचा पूल मोकळा मिळाला असता तर? कसंही जुळवलं तरी आम्ही ती आत जायच्या आधी पोचत नव्हतो. सकाळी तिचा फोन आला तेव्हाच उशीर झालेला होता. नाक्यावर मी बायकोवर उगाच वसवस केली होती.

दुसऱ्या दिवशी मुलीला घोट घोट पाणी, मग पेज सुरू झाली. बायकोनं डबी काढली, बोटातली अंगठी उतरवून धुतली आणि परिचारिकेला हातवारे करून विचारलं, बाळाला थोडा मध? ती परिचारिका घाबरलीच. मग डॉक्टरीणबाईंनी येऊन हिंदीतून नीट समजावलं. एक वर्षाचा होईपर्यंत मध नाही, एक थेंबही नाही. लहान बाळाला त्यानं अपाय होतो. आणि हा तर दिवस भरायच्या आधी आलेला.

बायको डबी हातात घेऊन पलंगाशी उभी राहिली. खानवेलहून आलेला, नाक्यावर चाखलेला, विमानतळावर डबीत ओतून वाचवलेला मध, आणि ज्याच्यासाठी आणला त्यालाच चालत नाही. मला हसावं की रडावं कळेना.

"आई," मुलगी म्हणाली, "मला दे."

तिनं लहानपणी औषधाला उघडायची तसं तोंड उघडलं. बायकोनं अंगठी मधात बुडवून तिच्या जिभेवर टेकवली. मुलीनं डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. "कुंकवाची चव लागतेय," ती म्हणाली आणि तिघंही हसलो. हसताना तिचे टाके दुखले.

मी म्हटलं, "उशीर झाला गं आम्हाला."

तेव्हा तिनं सांगितलं. तिला आत न्यायला आले, तेव्हा ती स्ट्रेचरवर चढायलाच तयार नव्हती. डॉक्टरांचा हात धरून म्हणत होती, थोडं थांबा, माझे पप्पा हायवेला लागलेत, ते मला स्वतः म्हणालेत, पावणेदोन तासांत येतील. डॉक्टर चिडले. प्रेशर आणखी वाढत होतं, एकेक मिनिट धोक्याचं होतं, आणि ही सही करेना. शेवटी मैत्रिणीनं ओरडून ओरडून सही घेतली. बसमध्ये मला ऐकू आलं नव्हतं ते हेच.

मी पलंगाची कड धरून उभा राहिलो.

तिनं माझ्या हातावर हात ठेवला, नळ्या लावलेला. "पप्पा," ती म्हणाली, "यापुढे पावणेदोन तास नका सांगू. सकाळी निघालो तर संध्याकाळी पोचतो, असं सांगा. खरं तेवढं सांगा. मी तेवढं थांबेन, नाहीतर थांबणार नाही. पण मला कळू द्या."

आता ती दर रविवारी नातवाला फोनवर दाखवते आणि मुद्दाम विचारते, "आजोबा किती लांब राहतात?" मी सांगतो, "एक दिवस."